दहा मीटर उंचीवरचं ऐकणं

रेडिओच्या मुख्य कचेरीत त्याला सगळे ‘डेसिबल’ म्हणत. लहरी मोजणं हा त्याचा धंदा होता, पण नाव त्यावरून पडलेलं नव्हतं. तो स्वतःच इतकं मोजून बोलायचा, की त्याच्याकडून ‘हो’ ऐकायला मिळालं तर लोक एकमेकांना तारखेसकट सांगत. एकतीस वर्षं त्याने एकच काम केलं. डोक्यावर घडीची काठी असलेली एक पांढरी व्हॅन घेऊन गावोगाव जायचं, थांबायचं, काठी दहा मीटर वर चढवायची, रेडिओची लहर किती जोरात येते ते पाहायचं आणि तक्त्यात लिहायचं. आकडा पन्नास किंवा वर असेल तर नकाशावर हिरवा ठिपका. खाली असेल तर लाल.

दहाच मीटर का, हे कुणी विचारत नसे. नियम जुना होता, टीव्हीवाल्यांकडून उचललेला होता, आणि टीव्हीवाल्यांनी तो केला तेव्हा घराघरावर एरियल असत. आता रेडिओ ऐकणारा माणूस छपराच्या वर सात-आठ मीटर हवेत बसून ऐकत नाही, तो स्वयंपाकघरात बसतो, ही गोष्ट नियमाच्या कानावर अजून गेलेली नव्हती. तक्त्यात एक शेवटचा रकाना होता खरा: ‘घरातील मोजणी (असल्यास)’. त्या कंसातल्या एका शब्दाने सगळ्या खात्याचं आयुष्य सोपं केलं होतं.

त्या वर्षी जुनं प्रक्षेपण बंद करून नवं, डिजिटल, सुरू करायचं ठरलं. काही महिने दोन्ही एकदम चालली आणि विजेचं बिल असं आलं, की संचालकांनी ते उभ्याने वाचलं आणि मग बसले. दोन चुली पेटत्या ठेवणं परवडणारं नव्हतं. सरकारने पैसे दोन हप्त्यांत द्यायचं कबूल केलं. पहिला हप्ता मोठ्या मनोऱ्यांसाठी. दुसरा, देशातल्या पंच्याण्णव टक्के लोकांपर्यंत नवा आवाज पोचल्याचं सिद्ध झालं तर, ‘व्याप्ती सुधारणे’साठी. म्हणजे डोंगराआडच्या, खोलगट जागी छोटे ट्रान्समीटर उभारण्यासाठी. कचेरीत त्यांना ‘ठिगळं’ म्हणत.

डेसिबलची मोठी बहीण अशाच एका खोऱ्यात राहायची. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे तो छप्पन्न वर्षांचा झाला तरी तिच्या तोंडी ‘धाकट्या’च होता. तिचा नवरा, भाऊजी, नदीच्या पट्टीवर नोकरीला होते. नदीकाठच्या दगडी खांबावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेल्या असतात, त्या पट्टीवर पाणी किती चढलं ते सकाळ-संध्याकाळ वाचायचं आणि वर कळवायचं. मग रेडिओवर नदीच्या पातळीचं वार्तापत्र लागायचं, संध्याकाळी पावणेसहाला, आणि त्यात खोऱ्याची पातळी सहावी वाचली जायची. भाऊजींनी हे अठ्ठावीस वर्षं केलं. पुढे तिथे यंत्र बसलं, ते स्वतःच आकडा कळवू लागलं, आणि भाऊजी निवृत्त झाले.

तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टरांनी चित्रं दाखवून पाहिली, गाणी लावून पाहिली. काही नाही. मग एके दिवशी खिडकीतल्या रेडिओवर खोऱ्याची पातळी सांगितली गेली, भाऊजींनी मान वळवून खिडकीतून खाली नदीकडे बराच वेळ पाहिलं आणि खणखणीत म्हणाले, “चूक.”

ताईच्या हातातलं पातेलं पडलं. ते उचलायच्या आधी ती तशीच खाली नदीवर गेली. यंत्राच्या नळीत पानं अडकली होती. आकडा खरंच चूक होता.

त्या दिवसापासून भाऊजींकडे दोन शब्द होते. वार्तापत्र ऐकायचं, नदीकडे बघायचं, आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. बाकी दिवसभर गप्प. ताईने आपला दिवस त्या पावणेसहाभोवती बांधून घेतला होता. “कमी बोलणारा नवरा मिळावा असं मलाच वाटायचं,” ती म्हणे, “पण एवढं नाही. तरी दोन शब्द आहेत. काही जणींना तेवढेही मिळत नाहीत. आणि त्यातला एक तर ‘बरोबर’ आहे!”

मोजणीच्या फेरीत डेसिबल तिच्या दारात आला तेव्हा सगळ्या देशाचा हिशेब चौऱ्याण्णव पूर्णांक अठ्ठ्याण्णववर अडकलेला होता. पंच्याण्णवाला केसभर कमी. कचेरीतून रोज फोन येत होते. त्याने अंगणात व्हॅन लावून काठी चढवली. सत्तेचाळीस. व्हॅन मागे घेतली. अठ्ठेचाळीस. ताई दारात कमरेवर हात ठेवून बघत होती.

“काय रे, घर उचलून नेतोस की काय?”

“थांब जरा.”

“चहा गार होतोय.”

“होऊ दे.”

गोठ्याच्या भिंतीला अगदी चिकटवून, काठी थोडी फिरवून, वारा पडेपर्यंत थांबून त्याने पन्नास मिळवले. मग आत जाऊन, कुणी सांगितलं नसताना, खिडकीत लहान यंत्र धरलं. एकतीस. एकतीसवर नव्या रेडिओतून काहीही येत नाही. जुना रेडिओ बिचारा खरखरत का होईना बोलायचा, अर्धं गिळायचा, अर्धं सांगायचा. नवा एक तर सगळं बोलतो, नाहीतर फुगून बसल्यासारखा गप्प.

तक्ता मांडीवर घेऊन तो व्हॅनमध्ये बसला. त्याला हे पक्कं ठाऊक होतं, की खोरं हिरवं झालं तर देश पंच्याण्णवाच्या वर जातो, दुसरा हप्ता येतो, ठिगळं उभी राहतात, आणि पहिलं ठिगळ तो इथेच मागणार होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्याने स्वतःशीसुद्धा नीट कबूल केली नाही. ज्या बहिणीने त्याचे दप्तराचे पट्टे शिवले, तिच्या घरावर लाल ठिपका ठेवायला हात होईना. त्याने पन्नास लिहिलं. ‘असल्यास’चा रकाना रिकामा ठेवला. सही केली आणि चहा प्यायला गेला. चहा गारच होता.

नकाशा मंजूर झाला. पंच्याण्णव पूर्णांक शून्य चार. कचेरीत पेढ्यांचा बॉक्स फिरला. डेसिबलने दोन घेतले, हीही तारखेसकट नोंद झाली. महिन्याभराने जुना मनोरा बंद झाला. त्या संध्याकाळी पावणेसहाला भाऊजींच्या खिडकीत जुनाच रेडिओ लावलेला होता, आणि त्यातून फक्त पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. भाऊजींनी तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग नदीकडे पाहिलं. मग ताईकडे. बोलायला समोर आकडाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी डेसिबल वित्त अधिकारी बाईंच्या टेबलासमोर उभा होता.

“बसा हो. तुम्ही आमच्या मजल्यावर आलात म्हणजे मला भीतीच वाटते.”

“ठिगळांची यादी.”

“झाली की. एकतीस जागा. काल मंजुरी आली.” त्यांनी कागद पुढे केला.

त्याने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. “यात आमचं खोरं नाही.”

बाईंनी नकाशा उघडला. “अहो, ते हिरवं आहे.”

“घरात येत नाही.”

“पण हिरवं आहे. ठिगळ लालला मिळतं. जिथे आवाज पोचतो तिथे पुन्हा पोचवायला पैसे कोण देईल? आणि इथे सही...” त्यांनी चष्मा वर केला, खालची सही पाहिली आणि पुढचं वाक्य गिळलं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतःच नियमांचं पुस्तक काढून शोधून दिलं. मोजणी मागे घेता येत होती. नकाशा जाहीर झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत, आणि फक्त ज्याची सही त्यालाच, कारण लिहून.

“मग खोरं लाल होईल,” बाई म्हणाल्या, “आणि देश चौऱ्याण्णव अठ्ठ्याण्णव. दुसरा हप्ता परत. म्हणजे ही एकतीस पण जातील, डेसिबल. तुमचं खोरं धरून बत्तिसातलं एकही होणार नाही.”

“जुना मनोरा?”

“त्याचे भाग बंद व्हायच्या आधीच विकलेत. नव्या मनोऱ्यांना पहिला हप्ता कमी पडला, तिथे तेच पैसे घातले.”

त्याने यादी घडी करून खिशात घातली. त्यातली एकतीसच्या एकतीस गावं त्याने स्वतः मोजली होती. चौथ्या क्रमांकाच्या गावात एका म्हाताऱ्याने व्हॅन दवाखान्याची समजून रांग लावायला घेतली होती. अकराव्या ठिकाणी शाळा होती, आणि शिक्षिका एकटी. नकाशावरचे लाल ठिपके त्याला चेहऱ्यांसारखे आठवत होते. हा मोजणीच्या धंद्याचा तोटा, आणि पगारात तो धरलेला नसतो.

मग त्याने जे जे सुचलं ते केलं. वेल्डरला घेऊन गेला आणि ताईच्या छपरावर लोखंडी खांब उभा केला. सात मीटरवर नवा रेडिओ गप्प. दहा केले, तर रेडिओ दोन दिवस बोलला आणि तिसऱ्या दिवशी वाऱ्याने खांब चार पत्र्यांसकट गोठ्यात नेऊन टाकला. मोबाइल खोऱ्यात लागत नव्हता. इंटरनेट म्हणजे तिथे दुसऱ्याकडे असणारी गोष्ट. तारेचा फोन होता. डेसिबलने शहरातल्या घरातून रोज पावणेसहाला फोन करून रिसीव्हर आपल्या रेडिओला लावला, आणि तिकडे ताईने दुसरा भाऊजींच्या कानाला. भाऊजींनी मन लावून ऐकलं. सभ्य माणूस, पलीकडच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि रिसीव्हर ताईला परत दिला. फोनवर आलेल्या माणसाला तोंडावर ‘चूक’ म्हणायची त्यांची रीत नव्हती. ताईने स्वतः आकडा वाचून पाहिला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

राहिली व्हॅन. दर रविवारी तो ती घेऊन यायचा, गोठ्याला चिकटवून काठी चढवायचा, वायर खिडकीतून आत सोडायचा, आणि नवा रेडिओ बोलायचा. आठवड्यातून एक शब्द. कधी तो लगेच येई, कधी त्याला बराच वेळ लागे, जणू माजघरातून शोधून आणावा लागत होता. एका रविवारी आलाच नाही.

नव्वदावा दिवस बुधवारी आला. डेसिबलने रजा टाकली, मोजणी मागे घ्यायचा अर्ज भरला, सही तेवढी बाकी ठेवली, आणि दुपारी अडीचला ताईच्या दारात हजर झाला. जिल्ह्याची कचेरी तिथून पाऊण तासावर होती आणि पाचला बंद व्हायची.

“आज बुधवार,” ताई म्हणाली. “कुणी मेलं का?”

“नाही.”

“मग बस.”

आयुष्यात पहिल्यांदा तो न मोजता बोलला. पन्नास, एकतीस, रिकामा रकाना, एकतीस गावं, सगळं. ताई शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही, फक्त वेग कमी होत गेला.

“म्हणजे त्या दिवशी तू अंगणात पुढे-मागे करत होतास,” ती म्हणाली, “ते हे.”

“हो.”

“आणि मला वाटलं, पार्किंग जमत नाहीये मेल्याला.”

त्याने अर्ज आणि यादी शेंगांच्या परातीजवळ ठेवली. “तू सांग, काय करू.”

“मी? सही तुझी, पेन तुझं, आणि विचारतोस मला? लहानपणी कुणाची काच फोडलीस तरी माझ्याच मागे येऊन उभा राहायचास. आता छप्पन्नाचा झालास. मागे मावत तरी आहेस का?”

तिने हात पदराला पुसले आणि यादी हातात घेतली.

“इथे कोण आहे?” तिने बोट ठेवलं.

“धरणावर काम करणारे. बावीस घरं.”

“इथे?”

“शाळा. बाई एकट्या राहतात. संध्याकाळी रेडिओ मोठ्याने लावतात, घरात कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून.”

“आणि हे?”

“एकोणीस घरं. म्हातारा-म्हातारी. मुलगा बोटीवर असतो. ते हवामान ऐकतात.”

ताईचं बोट पुढे सरकत राहिलं. एकोणिसाव्या गावाशी ती थांबली. “पुरे. तू सगळ्यांशी बोलून येतोस आणि मग असले घोळ करतोस. न बोलणाराच बरा होतास.”

“भाऊजींना विचारू?”

तेव्हा मात्र ती चिडली. आवाज चढला नाही, पण परात बाजूला सरकली. “खबरदार. ते ‘बरोबर’ म्हणाले तर तू सुखाने घरी जाशील, आणि ‘चूक’ म्हणाले तर रडशील. दोन शब्द उरलेत त्यांचे. ते नदीचे आहेत. तुझ्या कागदासाठी नाहीत.”

मग ती आत गेली आणि चहा टाकला. या वेळी तो गार होऊ दिला नाही. घड्याळात साडेतीन झाले. चार झाले. सव्वाचारला निघालं तर पाचला कचेरीत पोचता आलं असतं. डेसिबल उठला, अंगणात गेला, व्हॅनचं दार उघडलं. ताई दारात येऊन उभी राहिली. ती ‘जा’ म्हणाली नाही, ‘थांब’ही म्हणाली नाही.

त्याने काठी चढवायचं बटण दाबलं. काठी दहा मीटर वर जायला वेळ लागतो, आणि ती वर असताना व्हॅन हलवता येत नाही. हा सुरक्षेचा नियम आहे आणि तो फार चांगला नियम आहे. वायर खिडकीतून आत गेली. डेसिबल भाऊजींच्या पलंगाशी स्टुलावर बसला. पाच वाजले तेव्हा रेडिओवर बीबियाण्यांचे भाव सांगत होते. तिघांनीही ते शेवटपर्यंत ऐकले.

पावणेसहाला वार्तापत्र आलं. सहावी पातळी, दोन मीटर चाळीस. भाऊजींनी मान वळवली. नदी संध्याकाळच्या उजेडात शिशासारखी दिसत होती. ते पाहत राहिले. वार्तापत्र संपलं, गाणं लागलं, गाण्याचं दुसरं कडवं आलं.

“चूक,” भाऊजी म्हणाले. अगदी हळू.

ताई चपला घालून खाली गेली. परत आली तेव्हा धाप लागली होती. “दोन पस्तीस,” तिने सांगितलं, नवऱ्याला, भावाला नाही. भाऊजींचे डोळे मिटलेले होते. डेसिबल बाहेर जाऊन काठी उतरवू लागला. अर्ज परातीजवळच राहिला. पुढे ताईने त्यात शेंगांची सालं बांधली.

मोजणी संपली म्हणून पुढच्या महिन्यात व्हॅन लिलावात गेली. एका आइस्क्रीमवाल्याने घेतली. काठीचं काय करायचं, असं त्याने डेसिबललाच विचारलं.

हिवाळा सरता सरता ठिगळं उभी राहू लागली. उद्घाटनाला खात्यातून कुणीतरी जायचं असतं, आणि ज्याला भाषण करता येत नाही अशा माणसाला पाठवलं की कार्यक्रम वेळेवर संपतो, हे संचालकांच्या लक्षात आलं होतं. त्यामुळे एकोणीस घरांच्या गावी डेसिबलला पाठवलं गेलं. फीत कापली. टाळ्या झाल्या, एकोणीस घरांच्या मानाने चांगल्या झाल्या. मग बोटीवर मुलगा असलेल्या म्हाताऱ्याने त्याला घरी नेलं.

स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर, रेडिओ ठेवलेला होता आणि स्वच्छ बोलत होता. म्हातारी चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हाताऱ्याच्या कानात यंत्र होतं. “आधी समुद्राचं सांगताना मध्येच आवाज जायचा हो,” तो ओरडून म्हणाला, “वारा कितीचा, ते ऐकू यायचं, पण कुठे, ते नाही. हिची झोप उडायची. आता कुठे आहे तेही कळतं.” म्हातारी हसली. “तरी झोप येत नाही,” ती म्हणाली. “पण आता निदान खऱ्या काळजीने येत नाही.”

पावणेसहा वाजले. नद्यांचं वार्तापत्र लागलं. सहावी पातळी, एक मीटर नव्वद. डेसिबलने तो आकडा ऐकला आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळेना. एकतीस वर्षं आकड्यांत काढलेल्या माणसाला असं कधी झालं नव्हतं.

“एक फोन करू का?” त्याने विचारलं.

“करा की! फोन काय लोणचं घालायला ठेवलाय?”

ताईने तिसऱ्या घंटेला उचलला.

“धाकट्या? कुठून बोलतोस?”

त्याने गावाचा क्रमांक सांगितला. यादी तिला आता पाठ होती. “बोटीवाले?”

“हो.”

“लागतोय का तिथे?”

“लागतोय. ऐकू येतोय ना तुला मागे?”

त्याने रिसीव्हर रेडिओकडे धरला. निवेदिका उरलेल्या चार नद्या वाचत होती. ताईने त्या चारही ऐकल्या.

“स्पष्ट आहे,” ती शेवटी म्हणाली. “भांड्यांचाही आवाज येतोय.”

“घरच्या बाई आहेत. स्वयंपाक चाललाय.”

“बरं.”

“भाऊजी?”

“आहेत. दुपारी थोडं जेवले.” मग ती म्हणाली, “आता खिडकीकडे पण बघत नाहीत रे. मी पलंग फिरवून ठेवलाय, भिंतीकडे. उजेड डोळ्यांवर यायचा.”

डेसिबलने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पलीकडे ताईने तो श्वास ऐकला असावा.

“असू दे,” ती म्हणाली. “म्हातारीला विचार, मुलगा कधी यायचाय.”

त्याने विचारलं. म्हातारी म्हणाली, दोन महिन्यांनी. त्याने ते फोनमध्ये सांगितलं.

“येईल,” ताई म्हणाली. “चल, ठेव आता. दुसऱ्याचा फोन आहे, त्यांना बिल पडेल.”

आणि तिने आधी ठेवला.